पाळण्यावरची हरकत

जी गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलीच नव्हती ती मी सुंदर वळणदार अक्षरात लिहून दिली, हा माझा सगळ्यात मोठा मूर्खपणा. त्यानंतरही बरेच केले, नाही असं नाही. पण ते घरातल्या घरात जिरले. हा मात्र संस्थानच्या कचेरीत दाखल झाला.

आणि तो ज्या बाईच्या मुळावर आला असता, तिचं सगळ्या जगाला एकच सांगणं असायचं. हात कमरेला पुसायचे, पाळण्याच्या फळीवर दोनदा थाप मारायची आणि म्हणायचं, “आधी बस, मंग बोल.”

तुम्ही राहाटपाळणा पाहिला असेल, पण विजेवर फिरणारा, दिव्यांचा. तिचा तसला नव्हता. दोन सागवानी खांब, मध्ये आस, आसाला चार पाळणे आणि ते फिरवायला तिचे दोन हात. खालचा पाळणा तिच्या गुडघ्याशी असला की वरचा शेजारच्या कौलांच्याही वर जायचा. तिचा नवरा सुतार. त्यानंच तो बनवला होता. दोघं बैलगाडीत सुटा करून घालायचे आणि जत्रा, बाजार, मोखाड्याकडचा सोंगांचा बोहाडा, जिथं माणसं जमतील तिथं उभा करायचे. मग नवरा गेला. एकटीला घाटातून गाडी हाकवेना. तिनं बैल विकले आणि जव्हारात कायमची जागा मागितली.

उंच, काळीसावळी, गुडघ्यापर्यंत लुगडं, हातांवर कोपरापर्यंत गोंदण. पाळणा फिरवताना एक पाय खांबाच्या बुंध्याला लावायची आणि बैलानं मोट ओढावी तशी अंग झोकायची. आसाला रोज मोहाच्या बियांचं तेल. तरी तो करकरायचाच. कुणी नाक मुरडलं तर म्हणे, “लाकूड हाये. तुमची सासू करकरते तिला कुठं तेल घालता?”

रोज सकाळी पहिला फेरा ती रिकामा फिरवायची. कितीही गर्दी असो, पोरं कितीही रडोत. चारही पाळणे रिकामे, एक पुरा फेरा. “ह्यो धन्याचा,” म्हणायची. “त्यानं बनवला, पण बसला कवाच नाय. सदा खालीच उभा.”

जागा तिनं मागितली ती आमच्या आळीच्या तोंडाशी, बाजाराला लागून. तिथंच का, तर जव्हारात कुठंही खणा, हातभर मातीखाली कातळ. खांब कमरेइतका खोल गेला नाही तर पाळणा माणसांसकट कलंडायचा. तिनं पहार घेऊन सारा बाजार ठोकून पाहिला होता. खोल माती सापडली ती एवढ्याच तुकड्यात, म्हणून परवानगी येण्याआधीच तिनं पाळणा तिथं उभा केला.

आणि नेमका तोच तुकडा वखारवाल्या शेठना ओंडके रचायला हवा होता.

शेठची लाकडाची वखार तुकड्याच्या पलीकडे, दुमजली. संस्थानची पद्धत अशी की नवं काही कायमचं उभं राहायचं असलं की दवंडी पिटायची: ज्याची हरकत असेल त्यानं आठ दिवसांत कचेरीत कळवावी. शेठनी स्वतः कळवलं असतं तर लोक हसले असते. म्हणून ते आमच्या ओटीवर येऊन बसले, पान लावलं आणि सासूबाईंना म्हणाले, “वहिनी, अर्ज आळीतल्या बायकांनी करायचा. बायकांच्या अर्जाला दरबारात वजन असतं. फक्त लिहिणारं कुणी पाहिजे.”

“आमच्या सूनबाईचं अक्षर बघा, मोत्याचे दाणे,” सासूबाई म्हणाल्या.

झालं! मी सोळा वर्षांची. माझे वडील साखरशेत गावी पंतोजी होते, त्यांनी मला लिहायला शिकवलं आणि सासरी आल्यापासून त्या अक्षराचा उपयोग पापडाच्या डब्यांवर नावं घालण्यापलीकडे झाला नव्हता. आता दरबाराला लिहायचं! मी दाराआड बसले, दौत पुढ्यात घेतली. शेठ बाहेरून सांगत होते: पाळण्याच्या करकरीनं तान्ही मुलं उठतात, बाजारच्या दिवशी टवाळखोर जमतात, गाईगुरं बुजतात. मी लिहीत गेले. पण ते सगळं मला फार मिळमिळीत वाटलं. अर्जात कसं काही भारदस्त हवं! म्हणून शेवटी एक वाक्य मी माझ्या पदरचं घातलं:

‘तसेच पाळण्याच्या माथ्यावरून आम्हां कुलीन स्त्रियांच्या न्हाण्या उघड्या दिसतात व अब्रू राहत नाही.’

ते वाक्य मी शेठना वाचून दाखवलं तेव्हा ते क्षणभर पान चघळायचे थांबले. मग म्हणाले, “वा! हेच पाहिजे होतं.” मी इतकी फुगले की त्या दिवशी आमटीत दोनदा मीठ घातलं.

आमची न्हाणी म्हणजे परसात कारवीच्या कुडाचा आडोसा, वर आभाळ. ती पाळण्यावरून दिसते की नाही हे मला ठाऊक नव्हतं. मी पाळण्यात कधी बसलेच नव्हते. कुलीन होते ना!

आळीतल्या अकरा बायकांचे अंगठे घेतले. तिसऱ्या दिवशी मी पाण्याला गेले तेव्हा पाळणेवाली पाणवठ्यावर भेटली. अर्जाची बातमी पोचली होती. मला वाटलं, शिव्या देईल. ती नुसती म्हणाली, “तू लिवलं काय गं बाय?”

“हो.”

“बसली व्हतीस कवा वर?”

मी घागर पाण्यात बुडवली.

“मंग कसं लिवलं?” ती म्हणाली. रागानं नाही, खरोखर नवल वाटल्यासारखी. घागर भरली तरी मी तिथंच उभी होते.

त्या रात्री जेवताना मी सासूबाईंना विचारलं, “अर्ज मागं घेता येतो का हो?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी भाकरीचा पुढचा घास न चावता गिळला.

पाहणीला अंमलदार आले. कोट, पागोटं, बरोबर एक शिपाई, हातात कागद. सगळी आळी जमली. पुरुष पुढे, आम्ही बायका डोक्यावर पदर घेऊन मागे. शेठ अंमलदारांसाठी घरून खुर्ची घेऊन आले होते.

ती मात्र पाळण्यापाशी. अंमलदार म्हणाले, “हं, दाखव काय ते.”

“जरा थांबा साहेब. पहिला फेरा व्हायचाय.” आणि सगळ्यांच्या देखत तिनं रिकामा पाळणा फिरवला. सावकाश, पुरा. करकर करकर. अंमलदार उभे. शेठ म्हणाले, “बघा साहेब, सरकारी माणसाला ताटकळत ठेवते!”

“मेल्या माणसाला ताटकळत ठेवू का?” ती म्हणाली. अंमलदारांनी मिशीवरून हात फिरवला.

मग अर्ज वाचला गेला. माझी वाक्यं शिपायाच्या तोंडून ऐकताना आधी मला गुदगुल्या झाल्या. तान्ही मुलं, टवाळखोर, गुरं. ती एकेकाला उत्तर देत गेली. मुलं? “तुमचीच पोरं दिवसभर हितं असतात, इचारा त्यांना.” गुरं? “वखारीत ओंडके आदळतात तवा गुरं नाय बुजत?” शेठ म्हणाले की बाहेरची बाई सभ्य वस्तीत शिरते आहे. तशी ती वळली.

“माझा पाळणा जागच्या जागी गोल फिरतो शेट. कुणाच्या घरात शिरत नाय. आन मी जाऊ कुठं? बैल इकलेत. कातळात खांब रोवू, का डोसक्यावर घेऊन फिरू? हाकलायचं आसंल तर हाकला, पण खोटं सांगून नाय.”

मग न्हाणीचं वाक्य आलं. अंमलदारांनी कागद स्वतःच्या हातात घेतला. “हे मात्र गंभीर आहे,” ते म्हणाले. “कुणी वर बसून पाहिलं आहे?”

कुणीच नाही.

“कुनी बसलंच नाय साहेब!” ती म्हणाली. “म्या सदा सांगते, आधी बस, मंग बोल.”

आता पंचाईत अशी की पाहायचं कुणी? अंमलदार बसले आणि न्हाण्या दिसल्या तर? शिपायाला बसवावं तर तो आधीच फार उत्सुक दिसत होता. पुरुषानं बसणं म्हणजे ज्याची तक्रार तेच करणं. बाईच हवी. अंमलदार म्हणाले, “ज्यांनी लिहिलं त्यांनीच बसून सांगावं.”

मी सासूबाईंच्या पाठीमागे सरकले. सासूबाई बाजूला झाल्या. “जा,” त्या हळूच म्हणाल्या, “मोत्याचे दाणे.”

मी पाळण्यापाशी गेले. तिनं हात कमरेला पुसले, फळीवर दोनदा थाप मारली. मी बसले, नऊवारी आवळून, डोळे घट्ट मिटून. पाळणा उचलला गेला तशी मी फळी दोन्ही हातांनी धरली. करकर, करकर, आणि थांबला. मी माथ्यावर होते.

खालून तिचा आवाज आला. “डोळे उघड बाय. मिटल्या डोळ्यानं साक्ष व्हत नाय.”

उघडले. आधी नुसतं आभाळ. मग कौलं. मग आमचं परस, म्हणजे परसातला फणस! भला दाट फणस, त्याच्या पलीकडे न्हाणीच्या बंबाचा धूर तेवढा वर येत होता. न्हाणी नाही, कूड नाही, काही नाही. अकरा घरांची परसं मी एकेक करून शोधली. कुठं फणस, कुठं गोठा, कुठं पडवी आडवी आलेली. मी अर्जात खोटं लिहिलं होतं आणि आता ते इतक्या उंचावरून सांगायचं होतं.

तोंड फिरवलं तर समोर वखारीची माडी, अगदी माझ्या बरोबरीला. खालून ती फळ्यांनी गच्च भरलेली वाटायची. वरून पाहिलं तर फळ्यांच्या चळतीत एक खिंड ठेवलेली. खिंडीत चौरंग. आणि खिंडीखालच्या फळीवर पानाच्या पिचकाऱ्या, ताज्यांखाली जुन्या, जुन्यांखाली त्याहून जुन्या. कुणीतरी तिथं रोज, बराच वेळ बसत होतं. खिंडीचं तोंड आमच्या परसाकडे. आणि त्या बाजूला फणसाची एक फांदीही नव्हती.

मी खाली पाहिलं. शेठ वर पाहत होते. त्यांचे ओठ लाल होते.

“काय दिसतं?” अंमलदारांनी विचारलं.

‘नाही दिसत’ एवढं बोलून उतरले असते तरी चाललं असतं. पाळणा वाचला असता. पण वर्षभर मी त्या कुडाआड गाणी म्हणत आंघोळ करत होते हो! आणि याच माणसाला मी दाराआडून अब्रूचं वाक्य वाचून दाखवलं होतं! पाळणेवालीनं पाळणा धरून ठेवला होता, दोन्ही हातांनी, पाय खांबाला लावून. घाई केली नाही.

“न्हाणी दिसते!” मी ओरडले.

शेठ हसले. बायकांत कुजबुज झाली.

“पण पाळण्यातून नाही! इथून फणस दिसतो. न्हाणी दिसते ती वखारीच्या माडीवरून! तिथं फळ्यांत खिंड आहे, खिंडीत चौरंग आहे, आणि पान खाऊन थुंकलेलं आहे!”

अंमलदारांनी शिपायाला माडीवर पाठवलं. शेठ म्हणत होते, “अहो, हवेसाठी, लाकूड वाळायला हवा लागते.” तेवढ्यात खिंडीतून शिपायाचं डोकं बाहेर आलं. “साहेब! बंब दिसतोय, घंगाळ दिसतंय, लाल काठाचं लुगडंही वाळत घातलंय!” ते लुगडं सासूबाईंचं होतं. सासूबाईंनी पदर खोचला आणि शेठच्या दिशेनं निघाल्या. मधे खुर्ची होती म्हणून शेठ वाचले.

पुढे हुकूम झाला तो असा: पाळण्यास आहे त्या जागी परवानगी, दिवेलागणीपर्यंत, पावसाळ्यात बंद, आसाला रोज तेल. आणि वखारवाल्यांनी माडीची आळीकडची बाजू आठ दिवसांत खिळ्यांनी बंद करावी. खिळे ठोकताना आळीतल्या अकराही बायका आपापल्या परसात उभ्या राहून पाहत होत्या. शेठनी त्यानंतर आमच्या ओटीवर पाऊल ठेवलं नाही. घरात मला बोलणी बसली, भर लोकांत ‘न्हाणी’ म्हणून ओरडले म्हणून. मी मान खाली घालून ऐकली. पण खरं सांगू? लाज वाटायची ती ओरडल्याची नव्हे, लिहिल्याची.

सात-आठ वर्षं पाळणा तिथं करकरला. माझी दोन्ही मुलं त्यात बसली. एका शिमग्यानंतर मात्र सकाळचा रिकामा फेरा ऐकू आला नाही. भाऊ येऊन तिला मोखाड्याकडे घेऊन गेला होता. छातीत दुखतं म्हणत होती म्हणे. मग ती गेल्याचा निरोपच आला. खांब कुणीतरी उपटून नेले. त्यांचे कमरेइतके खोल खड्डे बरेच दिवस तसेच होते, पावसाळ्यात त्यांत बेडूक ओरडायचे. आता तिथं काय आहे ते विचारू नका. काहीही असलं तरी ते गोल फिरत नाही.

पाहणीच्या त्याच संध्याकाळी मी तिची माफी मागायला गेले होते. पदरात चार नागलीच्या भाकऱ्या आणि तोंडात एक शब्द नाही. ती आसाला तेल घालत होती. मी कसंबसं म्हटलं, “मावशी, चुकलं माझं. मी न बघता लिहिलं.”

तिनं हात कमरेला पुसले, भाकऱ्या घेतल्या, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “अक्षर चांगलं हाये म्हनतात तुझं. मंग माझ्या पाळण्याला एक पाटी लिवून दे. आन हे बघ बाय, तिच्यात तुझी न्हाणी नको घालूस.”