तांबडीचा रक्ततपास

पागेच्या टोकाला रक्ततपासणीची खोली होती. तिथल्या तपासनीस बाईंना लहानथोर सगळे मावशी म्हणत. घोड्याच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तांबड्या पेशींत दडलेले परजीवी हुडकायचे, यातच त्यांची हयात गेली. काही सापडलं नाही की त्या खिडकीतून "साफ!" अशी हाळी देत आणि मोतद्दार घोडा दौडीला काढी. कागद मागाहून यायचा. पागा चालायची ती हाळीवर.

यंदा यंत्र आलं. रक्ताची नळी आत ठेवली की चहा होईपर्यंत निकाल हातात.

"आता मावशींनी पाय पसरून बसावं," मोतद्दार म्हणाला.

"तुझ्या जिभेला लगाम घालायचं यंत्र निघालं तर कळव," म्हणून मावशी यंत्राकडे पाठ करून बसल्या.

त्या सकाळी तांबड्या घोडीचं रक्त आलं. तिचा ताप उतरला होता, पण दाणा अर्धाच खात होती. मावशींनी काच निरखून पाहिली आणि हाळी दिली, "साफ!"

मोतद्दार खोगीर कसू लागला. मावशींनी चष्मा पुसला. आदल्या दिवशी त्यांनी निवडलेल्या डाळीतला खडा जेवताना मुलाच्या दाताखाली आला होता. "आई, उद्यापासून डाळ मी निवडते," सून हळूच म्हणाली होती. ते सकाळपासून सलत होतं. डाळीतला खडा दिसेना, मग पेशीतला ठिपका?

त्यांनी उरलेल्या रक्ताची नळी अलगद उलटसुलट केली आणि यंत्रात ठेवली. निकाल आला: परजीवी आहेत, रक्तही बरंच कमी झालंय. अशी घोडी दौडीत कोसळलीच असती.

मोतद्दाराचा पाय रिकिबीत होता. भोवती सगळी पागा जमलेली. मावशींनी आपला शब्द आजवर कधी मागे घेतला नव्हता.

"थांब! खोगीर उतरव! साफ नाही, माझं चुकलं!"

"मशीन बिघडलं असेल, मावशी. तुमचं कसं चुकेल?"

"मशीन धड आहे. माझे डोळे बिघडलेत. घोडी आत घे आधी!"

पागेच्या डॉक्टरीणबाईंनी येऊन काच स्वतः पाहिली. "अगदी तुरळक आहेत. माझ्याही नजरेतून सुटले असते."

"सुटले नसते. माझी समजूत नंतर घाला, आधी इंजेक्शन भरा."

सुई टोचून झाली. घोडीच्या मानेवर हात फिरवत मोतद्दार पुटपुटला, "चारचौघांत कशाला ओरडलात? हळूच बोलवायचं मला."

"तेवढ्यात तू वर बसला असतास."

मोतद्दाराने आतून आपलं स्टूल आणून सावलीत ठेवलं आणि मावशी बसेपर्यंत ते धरून उभा राहिला.