दौंडला बेसबॉल बघायला गेले आणि जळून आले

आमच्या शिरूरच्या कॉलेजची मुलींची बेसबॉल टीम फायनलला पोचली, हे व्हॉट्सॲपवर कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या. फायनल दौंडच्या कॉलेजशी, तीही दौंडलाच, हे पुढच्या मेसेजमध्ये होतं. टाळ्या थांबल्या. कारण दौंडची कोच विद्या.

कॉलेजात विद्या बॉल टाकायची आणि मी तिच्यासमोर उकिडवी बसून झेलायचे. ती पिचर, मी कॅचर. लग्न होऊन ती दौंडला गेली, तिथे कोच झाली, तिचे पेपरात फोटो यायला लागले. मी शिरूरलाच राहिले आणि आमच्या टीमची सगळ्यात जुनी फॅन झाले. विद्याचा फोटो आला की मी लाइक करते आणि मोबाईल उपडा ठेवते.

नवऱ्याची रांजणगावला शिफ्ट होती, म्हणून गाडीत सोबतीला सासरे, आमचे आबा. उभा जन्म कुस्तीचे फड बघण्यात घालवलेला माणूस. शिरूरहून न्हावरा, पुढे पारगावजवळ भीमेचा पूल, मग चौफुला. सीझनमध्ये जाणार असाल तर उसाच्या ट्रॉल्यांमागे धीर धरा, ओव्हरटेकची घाई नको. चौफुल्याला डावीकडे वळलं की सोलापूर हायवे, आणि गाडी पळायलाच लागते. आमचा नगर रोड कंपन्यांच्या बसमागे रांगतो आणि यांना हा असला रस्ता! माझं इथूनच सुरू झालं.

वरवंडला थांबून मिसळ खाल्ली. दोघांचं चहासकट दोनशेच्या आत भागलं. रस्सा झणझणीत, पाव ताजे.

"म्हंजी ह्ये क्रिकेटच हाय का?" आबांनी पाव बुडवत विचारलं.

"नाही आबा. यात बॉल टप्पा न पडता थेट येतो. तो मारायचा आणि चार कोपरे पळून परत घरी यायचं. आलात की एक रन."

"आन् तू काय करायचीस?"

"बॅटवालीच्या मागं बसून बॉल धरायचे."

"मंग तुला कोण बघत असंल?"

मी आणखी एक पाव मागवला.

पाटसला डावीकडे वळलं की दौंड फार लांब नाही. रेल्वेनं येणाऱ्यांना तर फारच सोपं, स्टेशनवरून रिक्षा मिळते. मैदानात शिरले आणि बघतच राहिले. चारी बाजूंनी जाळी. पाणी मारून दाबलेली माती. दौंडच्या मुलींचे निळे कोरे शर्ट, पाठीवर प्रत्येकीचं नाव. आमच्या मुलींच्या अंगावर आधीच्या बॅचचे शर्ट, आणि कॅचरच्या पायाचं पॅड सुतळीनं बांधलेलं. मधोमध टोपी घातलेली विद्या आणि तिच्याभोवती "मॅडम, मॅडम" करत पळणाऱ्या पोरी. मी आबांना घेऊन मुद्दाम मागच्या बाजूला बसले.

मॅच सुरू झाली. आमच्या मुली येत होत्या, हवेत बॅट फिरवून जात होत्या. मग माझं लक्ष विद्याच्या हातांकडे गेलं. ती बाकावरून कानाला हात लावायची आणि बॉल सरळ वेगात यायचा. बांगडी फिरवायची आणि बॉल वळून खाली बसायचा. त्या खुणा आमच्या होत्या! कंटाळवाण्या तासांना मागच्या बाकावर बसून आम्ही दोघींनी ठरवलेल्या. आमच्या दोघींच्या त्या खुणा तिनं या पोरींना देऊन टाकल्या होत्या.

मी उठले. "कुठं चाललीस?" आबा म्हणाले. मी सरळ आमच्या बाकाजवळ गेले. साक्षी नावाची आमची कॅप्टन बॅटिंगला निघाली होती. तिला म्हटलं, "त्या मॅडमकडं बघ. कानाला हात लावला की सरळ. बांगडी फिरवली की वळणारा."

साक्षीनं पहिलाच वळणारा बॉल जाळीपर्यंत मारला. पुढच्या मुलीनंही मारला. मागे होतो तेवढ्या दोन रन पाठोपाठ आल्या, बरोबरी झाली, आमचा बाक नाचायला लागला.

विद्या उभी राहिली. तिनं सगळ्या मैदानावर नजर फिरवली आणि मी तिला दिसले. ती रागावेल असं वाटलं होतं. ती हसली. मग तिनं खेळ थांबवून पोरींना जवळ बोलावलं, काहीतरी सांगितलं. त्यानंतर तिचा हात टोपीला गेला, गुडघ्याला गेला, खांद्याला गेला, मला काहीच कळेना. ती पोरींशी माझ्यासमोर बोलत होती आणि मला एक शब्द कळत नव्हता. याच्याइतकी मी आजवर कशावरच जळले नव्हते.

शेवटी आमच्या कॅचरच्या हातून बॉल सुटला आणि दौंडची मुलगी पळत घरी आली. आम्ही एका रननं हरलो.

विद्या थेट माझ्याकडे आली. "मने, तूच सांगितलंस ना?"

"व्हय."

"तुझ्याशिवाय कुणाला कळणार?" तिनं पोरींना हाक मारली. "ही माझी कॅचर. मी कसाही बॉल टाकला तरी हिनं धरला, म्हणून मी पिचर झाले."

पोरी माझ्याकडे बघायला लागल्या. मग विद्या हळू आवाजात म्हणाली, "तुमची कॅचर डोळे मिटून घेते गं. तू गावात असताना तिला कुणी शिकवलंच नाही?"

मला राग आला. ते खरं होतं म्हणून जास्तच आला.

परतताना पारगावचा पूल आला. आबा म्हणाले, "पोरगी डोळं मिटती, ह्ये तुला ठावं होतं?"

"होतं."

"मंग तू तिथं टाळ्या वाजवायला जात हुतीस व्हय?"

रविवारी मी कॉलेजच्या मैदानावर जाऊन आमच्या टीमच्या सरांना विचारलं, कॅचरला मी शिकवू का. त्यांनी हसून ग्लव्ह पुढे केला. खाली बसताना गुडघे करकरले, पण पहिला बॉल तळव्यात बसला.

आता आठवड्यातून दोन संध्याकाळी जाते. विद्याचे फोटो येतातच, आणि निळे शर्ट दिसले की अजून पोटात दुखतं. पण परवा एक बॉल जमिनीला लागून वेडावाकडा उडाला आणि आमच्या कॅचरनं डोळे सताड उघडे ठेवून तो छातीवर अडवला. मी एवढ्यानं ओरडले की रस्त्यावरची माणसं थांबली.

तेव्हा विद्या तिथं असायला हवी होती. जळली असती.