तुमचं तुमच्यापाशीच म्हणणारी अक्का

अक्काला राग आला की ती की-बोर्ड उचलून टेबलावर पालथा घालायची. तो सुलटा होईपर्यंत विश्रामबागेतल्या आमच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात तिच्याशी बोलायची कुणाची टाप नव्हती. आम्ही सगळे तिच्याहून लहान, म्हणून ती अक्का. घरची हळदीची पेढी, पण हिनं कोड लिहायचं काम धरलं होतं. तिची आठवण निघाली की आजही माझं डोकं फिरतं. तिच्यावर नाही. कुणावर ते सांगतोच.

आम्ही ब्राउझरला जोडायचं एक एक्स्टेन्शन बनवत होतो. वेबवरचं कुठलंही पान वाचताना बाजूला मराठीत टिपणं लिहून ठेवता यावीत, एवढंच त्याचं काम. मी सवयीनं ती टिपणं आमच्या सर्व्हरवर पाठवायचं लिहून टाकलं. झालं! की-बोर्ड पालथा.

"शेजारणीनं डबा ठेवायला दिला, तर तू उघडून बघतोस व्हय रं?"

"नाही."

"मग डबा मागतोसच कशाला? ज्याचं त्याच्या कंप्युटरात ऱ्हाऊ दे."

माझं सगळं तिनं पुसलं आणि एक्स्टेन्शनच्या माहितीत स्वतः एक ओळ घातली: ‘तुम्ही लिहिलेलं तुमच्यापाशीच राहतं.’ त्या ओळीचा तिला भारी अभिमान होता.

मग फलटणहून एका बाईचा फोन आला. नवरा फौजेत, ती सासरी. घरच्यांना न सांगता पोलीस भरतीचा अभ्यास करत होती आणि टिपणं आमच्या एक्स्टेन्शनमध्ये लिहीत होती. दिरानं कंप्युटर उघडला आणि सगळं वाचलं. घरात रामायण झालं. "आवं, तुमीच लिवलंय न्हवं, माझ्यापाशीच ऱ्हाईल म्हणून?" ती रडत विचारत होती.

अक्कानं फोन ठेवला, पण त्या दिवशी की-बोर्ड काही पालथा घातला नाही. "आपल्याकडं कंप्युटर एकट्याचा कवा असतोय रं? टीव्हीगत तो घराचा असतोय. आन् मी येडी, कुलूपच लावलं न्हाई." चूक तिची होती, आणि तिनं ती दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारली नाही. टिपणांना पासवर्डचं कुलूप घालूनच ती उठली. मग त्या बाईला स्वतः फोन करून पासवर्ड कसा घालायचा ते शिकवलं, आणि ‘अभ्यास सोडलास तर फलटणला येऊन कान धरीन’ असा दमही भरला.

आता आमचे साहेब. या माणसाला त्या बाईच्या रडण्यात धंदा दिसला! "बघ, तुझ्या हट्टानं झालं हे. टिपणं आपल्या सर्व्हरवर आण. लोक कुठली पानं उघडतात तेही घे. जाहिरातवाले तयार आहेत."

"दिराच्या हातनं काढून परक्याच्या हातात द्यायचं?" अक्का म्हणाली. "तिनं परीक्षेचं लिवलं. उद्या कोण दुखण्याचं लिवंल, कोण नवऱ्याच्या माराचं. ते इकणार तुमी?"

"सगळेच विकतात."

"मग दुसरी बघा. ह्या हातानं हे हुणार न्हाई." तिनं पर्स उचलली. मी उठायला लागलो तर खांदा दाबून म्हणाली, "बस खाली. पोरगी लहान हाय तुझी." आणि गेली.

साहेबांनी बाहेरून माणूस आणून नवी आवृत्ती काढली. अक्काची ती ओळ मात्र तशीच ठेवली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माल पळवायचा आणि वर तिच्याच शब्दांची पाटी लावायची! निर्लज्जपणालाही काही सीमा?

पण लोकांच्या कंप्युटरात आपोआप पोचलेल्या त्या आवृत्तीला उघडलेली पानं बघायची नवी परवानगी लागत होती. ती दिल्याशिवाय ब्राउझर एक्स्टेन्शन चालू करेना. लोकांचे फोन सुरू झाले. त्यात फलटणची ती बाईही होती.

"अक्का हायत का?"

"नाहीत. सोडलं त्यांनी."

"मग तुमी सांगा. हे कसली परवानगी मागतंय? परवा पेपर हाय माझा आन् टिपणं उघडंनात. व्हय म्हणू का?"

साहेब समोरच उभे होते. ‘हो म्हण, हो म्हण’ अशी मान हलवत होते.

"नाही म्हणा," मी म्हणालो. "आणि एक्स्टेन्शन काढून टाकू नका, काढलं तर टिपणं जातील. ती तुमच्याच कंप्युटरात आहेत. जुनी आवृत्ती घेऊन मी आज येतो."

साहेब ओरडायला लागले. ओरडा म्हटलं मनात, आणि पेन ड्राइव्ह खिशात टाकून बाहेर पडलो. स्टँडवरून अक्काला फोन लावला, सगळं सांगितलं. आता तरी शाबास म्हणेल, असं वाटलं होतं.

"जा," ती म्हणाली. "आन् ती पासवर्ड घालताना तोंड फिरवून उभा ऱ्हा."