बिनसहीच्या पत्रकांचा रेझ्युमे

तुम्ही आजवर जे काही केलंत, त्यातलं तुम्ही एकट्यानं काय केलंत? हा प्रश्न मला गुडगावच्या एका काचेच्या खोलीत विचारला गेला आणि मला उत्तर देता आलं नाही. ते आता येतं की नाही, हेही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मी दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढले. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात होते आणि कचेरीतून घरी आले की कॉलनीच्या रहिवासी समितीत. घरात गोष्टींची पुस्तकं होती, पण मला वाचायची चटक लावली ती पत्रकांनी. टाकीत पाणी नाही, छत गळतंय, जिन्यातला दिवा महिनोन्महिने बंद, बसचा थांबा हलवलाय. ज्याचा त्रास झाला त्याचं पत्रक निघायचं. गुलाबी नाहीतर पिवळ्या कागदावर, एका बाजूला हिंदी आणि मागे इंग्रजी. समितीत केरळचे, बंगालचे, गढवालचे लोक होते. मसुद्यावरून बाबांची आणि माझी भांडणं मात्र स्वयंपाकघरात, मराठीत चालायची. शाळेत असल्यापासून मी ती पत्रकं लिहायला बसत होते.

समितीचा एकच नियम कधी मोडला गेला नाही, आणि तो बाबांनी घातलेला होता. पत्रकावर कुणाचंही नाव टाकायचं नाही. खाली फक्त ‘समस्त निवासी’. एकदा मी विचारलं, ‘‘लिहिलं मी, तर माझं नाव का नाही?’’ बाबा म्हणाले, ‘‘नाव एकाचं आलं की बाकीचे घरी बसतात.’’ मला ते इतकं पटलं, की पुढे मी ते नियम म्हणून नाही, धर्म म्हणून पाळलं. स्वतःचा फोटो मोठा छापणाऱ्या प्रत्येक माणसाचा मला राग यायचा. अजून येतो.

मग बाबांची निवृत्ती जवळ आली. निवृत्ती म्हणजे क्वार्टर सोडणं. सांगलीला घर बांधून तयार होतं आणि आई मनानं केव्हाच तिकडे राहायला गेली होती. मला जायचं नव्हतं. सांगलीत माझ्या मराठीला नात्यातली भावंडं हसतात, मी दर वाक्यात ‘बिल्कुल’ म्हणते म्हणून. माझं जे काही आहे ते दिल्लीत आहे. शेवटी घरात असं ठरलं, की क्वार्टरच्या चाव्या परत करायच्या आधी मला नोकरी लागली तर मी इथे खोली घेऊन राहायचं. नाही लागली, तर सामानाबरोबर सांगली.

तेव्हा मी आयुष्यातला पहिला रेझ्युमे लिहायला बसले. तो चार पानांचा झाला. सुरुवातीला ‘उद्दिष्ट’ लिहायचं असतं असं कळलं होतं. मी लिहिलं, की मला अशा संस्थेत काम करायचं आहे जिथे कंत्राटी कामगारांना माणूस मानलं जातं, बायकांना समान पगार मिळतो आणि वरिष्ठ आपल्या चुकांची जबाबदारी घेतात. ते वाचून अभिमानानं माझ्याच अंगावर काटा आला.

आमच्या ओळखीची एक ताई आहे. कॅन्टोन्मेंटमध्ये वाढलेली, सुभेदारांची मुलगी, गणपतीच्या आरतीला नेहमी भेटणारी. ती एका कंपनीत नोकरभरतीचं काम बघते. आईनं तिला जेवायला बोलावलं आणि वरणभाताबरोबर माझा रेझ्युमे वाढला.

‘‘अगं, हा रेझ्युमे आहे की मोर्चा?’’ ताई म्हणाली.

‘‘का? काय चुकलंय?’’

‘‘पहिल्याच पानावर तू कंपनीकडे मागण्या केल्यायस. बाई, आधी गेटच्या आत तरी जा. आणि हे बघ. पत्रके काढली गेली, सभा झाल्या, टाकी दुरुस्त झाली. कुणी केलं हे सगळं? भुतांनी?’’

‘‘सगळ्यांनी.’’

‘‘सगळ्यांना कोण नोकरी देणारे यार? तुला हवीये ना?’’

आई पोळी वाढता वाढता म्हणाली, ‘‘मी हेच सांगतेय. हिला वाटतं समिती पगार देईल.’’

ताईनं लाल पेन काढलं. एक पान, त्याहून जास्त नाही. ‘उद्दिष्ट’ उडव. ‘मेहनती’ आणि ‘प्रामाणिक’ उडव, कारण आळशी आणि लबाड माणूसही तेच लिहितो. वाचन-संगीताची आवड उडव. ज्या जागेसाठी अर्ज करतेस तिची जाहिरात समोर ठेव आणि तिथे जे मागितलंय तेच वर आण. सगळीकडे एकच कागद पाठवू नकोस. मी हे सगळं ऐकत होते आणि मला चीड येत होती, कारण ती पत्रकाबद्दलच बोलत होती. लांबवू नका, विशेषणं नकोत, कुणासाठी लिहितोय ते विसरू नका, हे मी दुसऱ्यांना सांगायचे. स्वतःबद्दल लिहिताना माझं सगळं शहाणपण कुठे गेलं होतं?

ताई गेली आणि बाबांनी तो कागद हातात घेतला. ‘‘वडिलांचं नाव उडवलं? फोटो नाही? आणि वरील माहिती सत्य आहे असं घोषणापत्र कुठंय? खाली ठिकाण, तारीख, सही?’’

‘‘आता कुणी लिहीत नाही बाबा.’’

‘‘मग ते खरं कशावरून मानायचं?’’

बाबांनी जन्मात एकच नोकरी केली होती. त्यांनी ज्या नमुन्यात बायोडेटा भरला, त्याच नमुन्यात आईच्या मैत्रिणी मुलींच्या लग्नाचा भरायच्या. उंचीचा रकाना तेवढा जास्तीचा. इंटरनेटवर कुणी सांगत होतं रंग वापरा, कुणी सांगत होतं रंग वापरलात तर संपलात. माझ्या लॅपटॉपवर ‘फायनल’, ‘नवीन फायनल’, ‘खरंच फायनल’ अशा फायली साठत गेल्या. घरात खोकी भरायला सुरुवात झाली होती. मी घाबरले आणि ताईनं सुचवलेलं वाक्य जसंच्या तसं टाकलं: ‘कॉलनीतील पाणीप्रश्नावरील मोहिमेचे नेतृत्व केले.’ मी ते वाचलं आणि मला कळेना, ही मुलगी कोण.

त्याच वाक्यावर मला गुडगावहून बोलावणं आलं. ग्राहकांसाठी सूचना आणि माहितीपत्रकं लिहिण्याचं काम होतं. समोरच्या गृहस्थांनी कागदावर बोट ठेवलं.

‘‘नेतृत्व किया, मतलब? उस मुहिम में आपने क्या किया?’’

मी टाकीबद्दल सांगितलं, अडवलेल्या टँकरबद्दल सांगितलं, सभेबद्दल सांगितलं, पत्रकाबद्दल सांगितलं.

‘‘वो तो सबने किया। आपने अकेले क्या किया?’’

‘‘अकेले तो... कुछ नहीं।’’

‘‘तो लिखा क्यों?’’ ते रागावले नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मलाही.

मेट्रोत मी आधी त्यांच्यावर चिडले. मग ताईवर. मग कुणावर चिडायचं तेच कळेना. माझ्या पहिल्या कागदात काम कुणीच केलेलं नव्हतं. दुसऱ्यात सगळं मी केलं होतं. दोन्ही खोटं, आणि दोन्ही माझ्याच हातचं. मग खरं कुठे आहे? ते एका पानात मावतं का?

त्या रविवारी समितीची बैठक आमच्याकडे होती. बाबांची शेवटची. दिवाणखान्यात खोकीच खोकी, बसायला जागा नाही. खालच्या मजल्यावरचे केरळचे अंकल आले होते आणि समोरच्या गढवाली आंटी. चहा झाल्यावर मी म्हटलं, मला काहीतरी वाचून दाखवायचंय. मी रेझ्युमे वाचला.

‘नेतृत्व’वर आंटी हसून लोळायच्या बाकी होत्या. ‘‘लीडर? तू? अरे, टैंकर के आगे तो मैं बैठी थी! तू तो छतरी पकड़के खड़ी थी!’’

अंकल म्हणाले, ‘‘और ऑफिस के चक्कर मैंने काटे। वो काट दो, बेटा।’’

मी खोडलं. ओळीमागून ओळ गेली. पानावर माझं नाव, शिक्षण आणि पांढरा कागद उरला. आई दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर मला सांगलीचं तिकीट दिसलं.

मग आंटी एकदम म्हणाल्या, ‘‘पर वो क्यों नहीं लिखा, जो तू हर बार करती थी? छपने से पहले हमसे ज़ोर-ज़ोर से पढ़वाती थी। मैं जहाँ अटकी, वहीं लाइन बदल दी।’’

ते खरं होतं. मसुदा घेऊन मी जिन्यात, बसथांब्यावर उभी राहायचे. भेटेल त्याला मोठ्यानं वाचायला लावायचे. माणूस अडखळला की चूक त्याची नाही, वाक्याची. मला ते काम वाटलंच नव्हतं. मला ती सवय वाटायची.

बाबा पुटपुटले, ‘‘माझी किती चांगली वाक्यं उडवली हिनं.’’ मग म्हणाले, ‘‘लिही हे. तुझंच आहे.’’

‘‘आणि नाव न टाकण्याचा नियम?’’

‘‘अगं, तो बदलीच्या भीतीनं केला होता. सगळे सरकारी नोकर. नाव दिसलं की साहेब उचलून कुठेही टाकणार. आता मी रिटायर होतोय. मला कोण कुठे पाठवणार?’’

‘‘पण तुम्ही म्हणाला होतात की बाकीचे घरी बसतात म्हणून!’’

‘‘तेही खरं आहे,’’ बाबा म्हणाले आणि खोक्याला चिकटपट्टी लावू लागले.

मी ज्याला तत्त्व समजून वाढले, ते किती तत्त्व होतं आणि किती भीती? मी अजून त्यावर भांडते आहे, बहुतेक वेळा स्वतःशीच.

नवा रेझ्युमे एका पानापेक्षाही छोटा झाला. त्यात लिहिलं, की पाणीप्रश्नावरची पत्रकं समितीनं मिळून काढली. मी त्यांचे मसुदे छापण्याआधी रहिवाशांकडून मोठ्यानं वाचून घेतले आणि जिथे ते अडखळले तिथे वाक्यं बदलली. ताई म्हणाली, ‘‘समिती काढ, जागा वाचेल.’’ मी नाही काढली. नोएडाच्या एका छोट्या कचेरीनं नेमकी तीच ओळ धरली. तिथल्या लोकांनी रुग्णांसाठीची एक सूचना माझ्या हातात दिली आणि म्हणाले, हिच्यावर करून दाखवा. मी ती घेऊन खाली चहाच्या टपरीवर गेले आणि चहा पिणाऱ्यांकडून वाचून घेतली. काम मिळालं. आधी तात्पुरतं, मग पक्कं.

निजामुद्दीन स्टेशनवर सांगलीच्या गाडीत सामान चढवताना बाबांनी विचारलं, ‘‘शेवटी घोषणापत्र टाकलंस का खाली?’’ मी म्हटलं, नाही. त्या रविवारी दिवाणखान्यातच झालं होतं ते.

म्हणून एक मागणं आहे. तुमचा रेझ्युमे कुठेही पाठवण्याआधी, त्या कामात तुमच्याबरोबर जे होते त्यांच्यातल्या एकाला तरी तो मोठ्यानं वाचून दाखवा. ते जिथे हसतील ती ओळ काढा, आणि ते जे आठवण करून देतील ते लिहा. आणि त्यांनी त्यांचा आणला, तर तुम्हीही बसून ऐका.