आधी खरवडा

कुठल्याही रंगवलेल्या वस्तूजवळ गेले की आमच्या शेडमधले रंगारी मामा पहिल्यांदा अंगठ्याचं नख लावायचे. गेट असो, कपाट असो, एसटीतला दांडा असो. नख घासायचं, नखात काय आलं ते उजेडाकडं धरून बघायचं आणि म्हणायचं, "नुसतं वरवरचं हाय."

माझ्या घराच्या वास्तुशांतीला त्यांनी पाहुण्यांदेखत नव्या कपाटाला नख लावलं. "ताई, फसवलं की तुम्हाला दुकानदारानं!" बायको माझ्याकडं अशी बघायला लागली, जसं काही कपाट मीच बनवलं होतं. दोन वर्षांत त्या कपाटाचे पापुद्रे निघाले. तरी बायकोनं मामांना माफ केलं नाही ते नाहीच.

चिकलठाण्याला आमची शेड होती. आमची म्हणजे मालकाची. मी तिथं सुपरवायझर. ट्रॅक्टरला जोडायचे जुने रोटाव्हेटर, नांगर घ्यायचे, दुरुस्त करायचे, रंगवून विकायचे. हल्ली कंपनीतून येणाऱ्या औजारांवर पावडर कोटिंग असतं. रंगाची भुकटी फवारून भट्टीत भाजतात, अंग काचेसारखं गुळगुळीत होतं. त्यावर साधा रंग धरत नाही. तुम्ही कुठल्याही शेडमध्ये जा, लोक दोनदा पॉलिश पेपर फिरवतात न् वरून रंग मारून मोकळे होतात. मामा तसं करायचे नाहीत. केमिकल लावायचं, प्लॅस्टिक गुंडाळून ठेवायचं, कोटिंगला फोड आले की पत्रीनं, म्हणजे धारदार पट्टीनं, ओढून काढायचं, थेट लोखंड दिसेपर्यंत. हाताची सालं निघायची, डोळ्याला पाणी यायचं. मी घाई केली की एकच वाक्य: "साहेब, आधी खरवडा, मग रंगाचं बोला."

एकदा एक पाटील कोराकरकरीत निळा रोटाव्हेटर घेऊन आले. म्हणे ट्रॅक्टर लाल, औजार निळं, सोयरे हसायलेत, लाल करून द्या. तिसऱ्या दिवशी येऊन बघतात तर नवंकोरं औजार पार उघडंनागडं!

"अहो, नुसता रंग मारा म्हणलो होतो! सोलून कशापायी ठेवलं?"

मामांनी त्याच रोटाव्हेटरचं एक निळं झाकण पुढं केलं. त्यावर आदल्या दिवशी लाल रंग मारून ठेवला होता. त्याला चिकटपट्टी दाबली आणि खस्सकन ओढली. सगळा लाल रंग पट्टीवर.

"असं पायजे का तुम्हाला?"

पाटील ती पट्टी खिशात घालून गेले, बहुतेक सोयऱ्यांना दाखवायला. आम्ही दिवसभर हसत होतो.

आता हसू येत नाही. पुढचं सांगायचं म्हणजे माझीच अब्रू काढायची आहे, पण सांगतो.

पेरणीच्या आधीचे दिवस होते, शेडमध्ये नुसती झुंबड. एका जुन्या रोटाव्हेटरचं कोटिंग मामांनी काढलं आणि मला हाक मारली. ट्रॅक्टरची वरची दांडी जिथं जोडतात, तिथल्या वेल्डिंगला बोटभर तडा होता. मामांनी त्याच्याभोवती खडूनं गोल केला.

"हे तोडून पुन्हा वेल्डिंग करावं लागतंय, साहेब. चालू मशिनीत तुटलं तर सगळं धूड ट्रॅक्टरवरल्या माणसाच्या पाठीत येईल."

मी मालकाकडं गेलो. मालक म्हणाला, "गिऱ्हाईक उद्या सकाळी येतंय. वेल्डर सुट्टीवर. पुट्टी भरा, रंग मारा, किस्सा खतम."

मामांना सांगितलं तर ते हातातली पत्री खाली ठेवून डब्यावर बसले. "मी नाय मारणार. लई झालं तर काढून टाका."

मग ती पुट्टी मी भरली. होय, मीच. आधी फिटर होतो, हात विसरला नव्हता. घासून इतकं सफाईदार केलं, की मलाच नंतर जागा सापडेना. त्याचं थोडं कौतुकही वाटलं, थू माझ्या जिनगानीवर!

रविवारी मामा एसटीत बसून फुलंब्रीकडं त्या गिऱ्हाइकाच्या गावी गेले. त्याच्या अंगणात रंग खरवडून त्याला तडा दाखवला. सोमवारी तो शेतकरी टेम्पोत मशीन घालून, चार भाऊबंद घेऊन शेडमध्ये हजर. मामा आपल्या कामाला आलेलेच होते.

मालक सगळ्यांसमोर ओरडला, "ये किसने किया?" आणि माझ्याकडं बघितलं.

मी म्हणालो, "रंगाचं काम मामांकडं असतं."

बघा, यात खोटं काहीच नाही. रंगाचं काम मामांकडंच असायचं. 

मालकानं ते वाक्य वरच्या वर झेललं. "बघा, स्वतः पुट्टी भरली आणि वर मला बदनाम करायला तुमच्या गावापर्यंत आला!" शेतकरी गोंधळला. म्हणाला, "मामा, मग आधीच का नाय बोलले तुम्ही?"

मामा माझ्याकडं बघत राहिले. मी बोलायची वाट बघत होते. मी टेम्पोच्या नंबरप्लेटकडं बघत होतो.

शेतकऱ्याला दुसरं मशीन मिळालं. मामांनी पत्री, ब्रश पिशवीत घातले आणि गेटातून बाहेर पडले. आठवड्याभरात चिकलठाण्यातल्या सगळ्या शेडमध्ये त्यांचं नाव 'पुट्टीवाला' झालं. ज्या माणसानं उभ्या जन्मात रंगाखाली काही दडवलं नाही, त्याला हे नाव! कुणी कामावर घेईना. पुढं एकदा छावणीच्या बाजारात एका दुकानाचं शटर रंगवताना दिसले. मी गाडी दुसऱ्या गल्लीत घातली.

मागच्या दिवाळीनंतर मामा गेले. झोपेतच गेले म्हणे. मला चार दिवसांनी कळलं. पडेगावला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा मामी चारपाच बायामाणसांत बसल्या होत्या. मी शेडचं नाव सांगितलं. म्हटलं आता शिव्या बसतील, बसू दे, बरंच होईल.

मामी उठून उभ्या राहिल्या. "तुम्हीच व्हय ते साहेब?" मग बाकीच्यांना म्हणाल्या, "हेच ते. सगळी शेड फिरली, पण साहेब एकटे ह्यांच्या बाजूनं बोलले. मालकाशी भांडले. घरात सारखं सांगायचे ना आमचे हे."

लोकांनी सरकून मला सतरंजीवर जागा दिली. चहा आला. मामांनी घरी असं का सांगितलं असेल, ते मला आजही नीट कळत नाही. इतकी वर्षं एकत्र काम करून आपल्या बाजूनं कुणीच बोललं नाही, हे बायकोला सांगायची त्यांना लाज वाटली असेल. लाज मला वाटायला हवी होती, ती त्यांनी वाटून घेतली.

"काय म्हणला होता तुम्ही मालकाला?" मामींनी विचारलं. "ह्यांनी शब्द न् शब्द सांगितलं होतं, मला मेलीला आता आठवंना. एकदा सांगा ना."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी कप खाली ठेवला.

"म्हणालो... पुट्टी मामांनी भरलेली नाही."

"व्हय, व्हय. अगदी असंच," मामी म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला.

मग कुणी भरली होती, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.