देवीसाठी आणलेली द्राक्षं

फवारायच्या विषाला आमच्याकडे औषध म्हणतात, त्यामुळे कुणाला काही वाटतच नाही. गेल्या हंगामात ओझरजवळच्या आमच्या बागेतला परदेशी जाणारा माल तपासणीत नापास झाला. कारण काय, तर तेच औषध. फवारलं तेव्हा चालत होतं, मग तिकडच्या देशांनी मर्यादा खाली आणली आणि मधल्यामध्ये आम्ही लटकलो.

संताप नुसता! नियम त्यांचे, घाम आमचा. तरी मनात पाल चुकचुकायची. त्यांच्या पोरांना जे चालत नाही, ते आमच्या मातीत न् विहिरीत मुरलेलंच आहे की. बोलले असते तर घरात भडका उडाला असता, म्हणून गप्प राहिले.

व्यापारी आला आणि काळजी करू नका, लोकलला काढू म्हणाला. लोकल म्हणजे आपला बाजार. तिथं कोण मेलं तपासतंय? आमच्या ह्यांनी मान डोलावली. अर्धी बाग त्याच दिवशी खुडून गेली, उरलेल्या अर्ध्या बागेसाठी दुसऱ्या दिवशी गाडी यायची होती. ती आली नाही तर वर्षभराची मेहनत वेलीवरच सुकणार, हे मलाही कळत होतं.

हंगामाची पहिली पेटी वणीच्या गडावर देवीला, ही घरची रीत. संध्याकाळी मी विचारलं, पेटी भरायची ना? तर हे एकदम बिथरले. नापास माल देवीपुढे ठेवायचा नाही म्हणाले आणि तरातरा मोटरसायकल काढून ओझरला गेले.

आले ते पेटी घेऊनच. फाट्यावरच्या हातगाडीवरून निवडून आणलेली, चांगली टपोरी द्राक्षं. देव्हाऱ्यापुढे ठेवली. माझं डोकंच फिरलं.

"अहो, ही लोकलचीच ना?"

"मग?"

"मग कुणाच्या नापास बागेतली, ते विचारलंत का?"

ह्यांनी पेटी पुढे ओढली. एक मणी तोडला, तोंडात मात्र घातला नाही. शेवटी त्यांनी व्यापाऱ्याला फोन लावला.

"उद्या गाडी पाठवू नका."

पलीकडून तो बराच वेळ तणतणत होता. ह्यांनी ऐकून घेतलं.

उरलेली बाग आम्ही वेलीवर सुकू दिली, गडावर नुसता नारळ नेला. आधी गेलेली अर्धी बाग कुणाकुणाच्या पोरांनी खाल्ली, ते आम्ही एकमेकांना अजून विचारलेलं नाही.