ब्युरेट समोर आली तेव्हा

“स्कॉलरशिपवाले, उभे राहा,” सर म्हणाले.

सगळा वर्ग बघत होता. आम्ही उभे राहिलो. सगळी बौद्धवस्तीतली पोरं. प्रॅक्टिकल असलं की सर असंच उठवायचे आणि कॉम्प्युटर रूमकडे बोट दाखवायचे. बाकीचे लॅबमध्ये जायचे.

उल्हासनगरच्या त्या कॉलेजात मी बारावी सायन्सला होते. कॉलेजनं नवीन सॉफ्टवेअर घेतलं होतं. ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेली उभी काचेची नळी, तीसुद्धा स्क्रीनवर. तोटीवर क्लिक केलं की थेंब पडायचे, गुलाबी रंग आला की उत्तर बरोबर. तुमच्यासाठी हेच सेफ, सर म्हणायचे. आम्हाला ते खरं वाटायचं. माझे वडील अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत ड्रम ढकलायचे. मला तसल्याच कंपनीच्या लॅबमध्ये पांढरा कोट घालून बसायचं होतं.

मग मुंबईहून एक मॅडम आल्या. सॉफ्टवेअरवर पोरं किती शिकतात ते त्यांना तपासायचं होतं. स्क्रीनवर माझं उत्तर कधी चुकायचं नाही, म्हणून सरांनी मला पुढं केलं. मॅडमनी आम्हा स्कॉलरशिपवाल्यांना लॅबमध्ये नेलं आणि मला खऱ्या ब्युरेटसमोर उभं केलं.

मी तोटीवर बोट ठेवलं आणि दाबलं. थेंब आला नाही. पुन्हा दाबलं. घरच्या नळाची तोटी रोज फिरवणारी मी, पण त्या क्षणी बोटाला फक्त क्लिक आठवलं. मागं लॅबवाल्या पोरांतलं कोणीतरी फिस्कन हसलं. मग ती सगळीच हसली.

सर मॅडमना म्हणाले, “सॉफ्टवेअर चांगलं आहे. ह्या लोकांच्या हातातच नाही ते.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हात ओढणीत लपवले. वडिलांचे ॲसिडनं सोललेले हात आठवले, आणि त्यांचीही लाज वाटली. ती लाज मला अजून जाळते.

मॅडमनी विचारलं, कॉम्प्युटरवर शिकायला आवडतं का. माझ्याबरोबरच्यांनी माना डोलावल्या. मग माझी पाळी आली.

“आवडतं, मॅडम. पण ब्युरेट मी आज पहिल्यांदा बघितली. आम्हाला इथं येऊच देत नाहीत.”

मॅडमनी सरांकडे पाहिलं. मग त्या मुंबईला परत गेल्या. बदललं काहीच नाही.

पुढच्या प्रॅक्टिकलला पुन्हा तेच, स्कॉलरशिपवाले उभे राहा. मी उठले ती सरळ लॅबमध्ये गेले, ब्युरेटसमोर उभी राहिले. सर मागोमाग आले. तुझी जागा तिकडं, म्हणाले. कान तापले होते. लाज गेली नव्हती.

“इथंच करणार, सर. हात धरून बाहेर काढायचं तर काढा.”

आणि मी तोटी फिरवली.